वाचनालयाचा संग्रह: आधी मोजा, मग घ्या, मग काढा

गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयाचा कारभार नव्याने हाती आला की पहिली ऊर्मी खरेदीची येते. प्रकाशकांच्या याद्या टेबलावर पडलेल्या असतात, मार्च जवळ आलेला असतो आणि मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘यंदा चांगली पुस्तकं घेऊ या.’ माझा सल्ला उलटा आहे. पहिले दीड-दोन महिने एकही पुस्तक घेऊ नका. आहे तो संग्रह कसा आहे हे कळल्याशिवाय त्यात काय भर घालायची ते ठरत नाही. आणि तो कसा आहे हे दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहायची वही, सांगत नाही. ते वाचकांकडून कळतं, त्यांच्या बोलण्यातून थोडं आणि वागण्यातून बरंच.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं असं सगळं बघितलं जातं आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. म्हणून ‘आमच्याकडे अमुक हजार ग्रंथ आहेत’ हे वाक्य प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर असतं. तपासणीला तो आकडा लागतो, तो सांभाळायलाच हवा. पण संध्याकाळी सहा वाजता दमून-भागून आलेल्या वाचकाला त्या हजारांशी काही देणंघेणं नसतं. त्याला हवं ते एक पुस्तक मिळतं की नाही, एवढाच त्याचा हिशेब. पुढे जे लिहिलंय ते या दुसऱ्या हिशेबाबद्दल आहे. ते नवख्या ग्रंथपालांसाठी आहे, तसंच ग्रंथनिवड समितीवर पहिल्यांदाच बसलेल्या मंडळींसाठीही.

कपाटांपाशी जा

सगळा संग्रह मोजायला वेळ नसतो आणि गरजही नसते. नमुना घ्या. दाखल नोंदवहीतलं दर विसावं पुस्तक लिहून काढा. वाचनालयात ८,००० पुस्तकं असतील तर ही यादी ४०० पुस्तकांची होईल. दोघांनी मिळून चार-पाच दुपारी बसलं तरी काम उरकतं. प्रत्येक पुस्तकाबद्दल चार गोष्टी टिपा: जागेवर सापडलं का, शेवटचं कधी नेलं गेलं, अवस्था कशी आहे आणि प्रकाशनाचं साल कोणतं.

शेवटची तारीख मागच्या पानावर चिकटवलेल्या तारीखचिठ्ठीवर मिळेल. संगणकावर कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखी ग्रंथालयाची प्रणाली वापरत असाल तर ती एका अहवालात निघते. या चौघांतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एखादं पुस्तक पुढे वाचलं जाईल का, याचा अंदाज लेखकाच्या नावावरून किंवा आपल्याला ते किती आवडतं यावरून बांधता येत नाही. ते मागे कधी नेलं गेलं यावरून तो बराच बरोबर बांधता येतो. ज्याला पाच वर्षं कुणी हात लावलेला नाही, त्याला सहाव्या वर्षी कुणी लावेल ही आशाच असते.

नमुन्यातली ३६ पुस्तकं जागेवर नाहीत आणि देवघेव नोंदवहीत कुणाच्या नावावरही नाहीत असं निघालं, तर सुमारे ९ टक्के संग्रह कागदावरच आहे. हा आकडा बघून घाबरू नका आणि तो लपवूही नका. आपल्या आधीच्या लोकांवर खापरही फोडू नका. तुटपुंज्या मानधनावर, बऱ्याचदा एकट्याने, वाचनालय उघडं ठेवणाऱ्या माणसाकडून दरवर्षी संपूर्ण पडताळणी होत नाही, हे आपल्याकडचं वास्तव आहे.

आकडे हाती आले की धक्का बसतो. निम्म्याहून अधिक पुस्तकं वर्षानुवर्षं हललेलीच नसतात. यातही आपलं वाचनालय जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांचा पुढे माग काढला तेव्हा सुमारे ४० टक्के पुस्तकं १९७५ पर्यंत एकदाही बाहेर गेलेली नव्हती. त्याच १९६९ साली रिचर्ड ट्रूसवेल या अमेरिकी अभ्यासकाने मांडलेला हिशेब ग्रंथालयांच्या जगात प्रसिद्ध आहे: साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांवर चालते. प्रमाण गावागणिक बदलेल, पण कल बदलत नाही.

एक गोष्ट मात्र निकाल देण्याआधी बघून घ्या. तुमची कपाटं कुलूपबंद आहेत का? आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत वाचक काउंटरवर उभा राहतो, यादीतून नाव सांगतो आणि कर्मचारी पुस्तक काढून देतो. अशा ठिकाणी ‘पुस्तक चालत नाही’ याचा अर्थ कित्येकदा ‘पुस्तक कुणाच्या नजरेलाच पडलं नाही’ एवढाच असतो. शक्य असेल तर निदान दोन-तीन विभाग मुक्तद्वार करा, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक काढून बघू द्या. तेही जमत नसेल तर दाराशी एक टेबल मांडा आणि दर पंधरवड्याला न हललेली तीस-चाळीस पुस्तकं त्यावर ठेवा. चोरीची भीती सगळे घालतात. कुलपातली पुस्तकंसुद्धा गहाळ होतातच, हे वरचा नमुना तुम्हाला सांगेल.

जे मागितलं आणि मिळालं नाही

देवघेव नोंदवहीत जे मिळालं ते नोंदलं जातं. रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस कुठेच नोंदला जात नाही. म्हणून काउंटरवर दोनशे पानी वही ठेवा आणि दोन आठवडे, अगदी नेटाने, प्रत्येक मागणी त्यात लिहा. कोणतं पुस्तक, कोणत्या लेखकाचं किंवा कोणत्या विषयावरचं, आणि मिळालं की नाही. ‘काहीतरी चांगलं द्या’ हीसुद्धा मागणी आहे, तीही लिहा.

समजा, १०० मागण्या झाल्या आणि ५८ पुऱ्या झाल्या. उरलेल्या ४२ चं काय झालं हे तपासताना खरी गंमत कळते. त्यातली १९ पुस्तकं आपल्याकडे नव्हतीच. १२ होती, पण बाहेर गेलेली होती. आणि ११ नोंदवहीप्रमाणे कपाटात असायला हवी होती, पण सापडली नाहीत.

वाचकाच्या दृष्टीने तिन्ही ‘नाही’ सारखीच. तुमच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी. पहिल्यासाठी खरेदी करावी लागेल. दुसऱ्यासाठी दुसरी प्रत घ्यावी लागेल, किंवा पंधरा दिवसांची मुदत आठवर आणावी लागेल, किंवा नावनोंदणी करून पुस्तक परत आलं की फोन करायचा. तिसऱ्यासाठी एक रुपयाही लागत नाही. मांडणी नीट हवी, चुकून भलत्या कपाटात गेलेली पुस्तकं आठवड्यातून एकदा जागेवर आणायला हवीत. अनेक वाचनालयं ही तिन्ही दुखणी खरेदीनेच बरी करू बघतात, आणि मग तेच पुस्तक दोनदा विकत घेतात, कारण पहिलं कपाटामागे पडलेलं असतं.

दुसऱ्या प्रतीबद्दल मंडळात नेहमी वाद होतो. ‘एवढ्या पैशांत दुसरं पुस्तक येईल.’ खरंय. पण ज्यासाठी सहा माणसं रांगेत आहेत त्याची दुसरी प्रत हे सहा जणांसाठीचं पुस्तक आहे. आणि जे कुणी मागितलेलं नाही त्याची पहिली प्रत कदाचित कुणासाठीच नाही. माझा ठोकताळा असा: एका प्रतीमागे चार-पाचांहून जास्त माणसं थांबली असतील तर दुसरी प्रत घ्यावी. लाट ओसरल्यावर ती शाळेला देता येते.

दोन भागाकार

आता थोडं गणित. पाचवीतल्या मुलालाही जमेल असंच.

पहिला भागाकार: वर्षातली देवघेव भागिले पुस्तकसंख्या. ८,००० पुस्तकं आणि वर्षाला ६,००० देवघेव, म्हणजे ०.७५. सरासरीने एक पुस्तक वर्षातून एकदाही बाहेर पडत नाही. संपूर्ण वाचनालयाचा हा आकडा फारसं सांगत नाही; विभागवार काढला की बोलायला लागतो.

दुसरा भागाकार जास्त कामाचा. एखाद्या विभागाचा देवघेवीतला टक्का, भागिले त्याचा संग्रहातला टक्का. कादंबऱ्या २,४०० असतील तर त्या संग्रहाच्या ३० टक्के. वर्षाच्या ६,००० देवघेवींपैकी ३,३०० त्यांच्या असतील, तर तो वाटा ५५ टक्के. ५५ भागिले ३०, म्हणजे सुमारे १.८. बालसाहित्य ६४० पुस्तकांचं, म्हणजे ८ टक्के, आणि देवघेव १,२००, म्हणजे २० टक्के. गुणोत्तर २.५. कवितासंग्रह ८००, म्हणजे १० टक्के, आणि देवघेव १२०, म्हणजे २ टक्के. गुणोत्तर ०.२.

१ च्या आसपास असलेला विभाग आपला वाटा उचलतोय. त्याहून बराच वर असेल तर तिथे पुस्तकं कमी पडताहेत. वरच्या उदाहरणात पैसे कुठे जायला हवेत हे उघड आहे: बालविभागात. आणि नेमका हाच विभाग बहुतेक ठिकाणी एका कपाटाचा, तळच्या दोन फळ्यांचा, जुन्या फाटक्या पुस्तकांचा असतो.

पण ०.२ म्हणजे कविता विकून टाका, असा अर्थ काढाल तर तुम्ही आपलं गाव चुकीचं ओळखलंत. खालच्या गुणोत्तराने फक्त एक प्रश्न उभा राहतो. कवितासंग्रह खरंच वाचले जात नाहीत, की ते सगळे १९८० च्या आधीचे आहेत? त्यातले किती भेट म्हणून आले? तुमच्या तालुक्यात कविता लिहिणारी पोरं आहेत, ती वाचनालयात येतात का? उत्तर बघून मग ठरवा.

या हिशेबात बसून वाचणारे धरलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवा. कोश, वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घरी नेली जात नाहीत. त्यांच्यासाठी साधा उपाय: टेबलांवर चिठ्ठी लावा, ‘वाचून झाल्यावर पुस्तक कपाटात ठेवू नका, इथेच राहू द्या.’ रात्री बंद करताना टेबलावरची पुस्तकं मोजा आणि टिपा. महिनाभर केलंत तरी पुरे.

जे येतच नाहीत ते

वर मोजलेलं सगळं आलेल्या वाचकांबद्दल आहे. गावात ते किती? सभासद नोंदवही उघडा आणि वय, बाई-पुरुष, वस्ती, व्यवसाय असे रकाने पाडून बघा. बहुतेक ठिकाणी निवृत्त पुरुष मंडळी आणि स्पर्धा परीक्षावाली मुलं यांचीच गर्दी दिसेल. बाया घरी पुस्तक मागवतात, पण सभासदत्व नवऱ्याच्या नावावर असतं, त्यामुळे त्यांची आवड कागदावर उमटत नाही. काही वस्त्यांतून एकही सभासद नसतो. तिथे जाऊन विचारा. अंगणवाडीताई, बचत गटाच्या बैठका, शाळेतले शिक्षक, ऊसतोडीहून परत आलेली कुटुंबं, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलेली शेतकरी मंडळी. ‘तुम्ही काय वाचता?’ असा प्रश्न विचारलात तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल. ‘गेल्या महिन्यात कशाची माहिती शोधायला कुणाकडे जावं लागलं?’ असं विचारा. पीकविमा, जमिनीची मोजणी, मधुमेहाचं पथ्य, मुलीची शिष्यवृत्ती, शिलाई, शेळीपालन. हे सगळे ग्रंथालयाचे विषय आहेत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे आहे. सभासद नसलेलाही त्यात येतो, असं मी धरतो.

सीमेवरच्या तालुक्यांत, औद्योगिक वसाहतींच्या गावांत, आदिवासी पट्ट्यात भाषेचाही विचार हवा. हिंदी, उर्दू, कन्नड, गुजराती बोलणारे किंवा अहिराणी, गोंडी, पावरी घरात बोलणारे वाचक असतील तर त्यांच्यासाठी एक फळी तरी असावी.

एक पान लिहून काढा

संग्रहाचं धोरण हा शब्द जड वाटतो, पण ते एका पानात बसतं. आपलं वाचनालय कुणासाठी आहे, कोणते विषय भरपूर ठेवायचे, कोणते जुजबी, कोणते मुळीच नाहीत, खरेदीचे पैसे कसे वाटायचे, देणगीचे नियम, काढून टाकण्याचे नियम, निर्णय कोण घेतो. मंडळात ठराव करून मंजूर करून घ्या. हे पान उपयोगी पडतं ते मुख्यतः ‘नाही’ म्हणायला. अध्यक्षांच्या व्याह्यांनी काढलेल्या काव्यसंग्रहाच्या पंचवीस प्रती विकत घ्यायची वेळ आली की ‘आपलं धोरण एका प्रतीचं आहे’ असं म्हणता येतं, कुणाला न दुखावता.

त्यातच एक ओळ घाला: कुणाला पुस्तक आक्षेपार्ह वाटल्यास लेखी अर्ज द्यावा, समिती पुस्तक पूर्ण वाचून निर्णय देईल. तोंडी तक्रारीवर पुस्तक कपाटातून हलवायचं नाही. ही ओळ भांडण नसताना लिहावी लागते.

खरेदी

आता पैसे काढा. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि बहुधा आपण ठरवलेल्या वेळेला येत नाही. मग मार्चअखेर घाईने एकाच विक्रेत्याकडून एकगठ्ठा पुस्तकं उचलली जातात. यावर उपाय म्हणजे मागणीवहीवरून तयार केलेली यादी वर्षभर हाताशी ठेवणं, प्राधान्याच्या क्रमाने. पैसे आले की वरून सुरुवात करायची. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात, एकदा संपली की पुढची कधी निघेल सांगता येत नाही. तेव्हा यादीतली नवी ललितेतर पुस्तकं लांबवू नका. कादंबऱ्या थांबू शकतात.

यादी कुठून करायची? ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी बघावीच, पण ती कामाला सुरुवात म्हणून. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, शेजारच्या मोठ्या वाचनालयाचा ग्रंथपाल (त्याला फोन करा, तो आनंदाने तासभर बोलेल), आणि सगळ्यात आधी आपली वही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून पुस्तकरूपात मदत मिळत असेल, तर ती आलेली पुस्तकंही वर्षभराने मोजणीत घ्या. फुकट आलंय म्हणून ते तपासणीतून सुटत नाही, कारण फळीवरची जागा फुकट नसते.

विक्रेत्याने पन्नास-साठ टक्के सवलत देऊ केली की हरखू नका. सवलत जितकी मोठी तितकं पुस्तक जास्त नीट उघडून बघा. केवळ वाचनालयांना खपवण्यासाठी छापलेली पुस्तकं बाजारात भरपूर आहेत: मोठा टाइप, रुंद समास, जाड पुठ्ठा, आत इंटरनेटवरून उचललेला मजकूर, आणि किंमत अशी छापलेली की निम्म्याने दिली तरी परवडावी. ओळखायची कशी? मधलंच एक पान वाचा. लेखकाचा परिचय आहे का, सूची आहे का, संदर्भ दिलेत का बघा. अनुवाद असेल तर संवादाचं एक पान मोठ्याने वाचून पाहा. अडखळलात तर वाचकही अडखळणार. बांधणी शिवलेली आहे की नुसती डिंकाची, हे पुस्तक पूर्ण पसरून उघडलं की कळतं. ज्येष्ठ वाचकांसाठी अक्षराचा आकार बघायला विसरू नका.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे पैसा सर्वात जास्त वाया जातो. पहिलं म्हणजे पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांतला फरक. मुखपृष्ठावर नवं साल असतं, आत मजकूर तोच. अनुक्रमणिका जुन्या प्रतीशी ताडून बघा. दुसरं म्हणजे परीक्षेचं स्वरूपच बदलतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधीचे वस्तुनिष्ठ प्रश्नसंच मुख्य परीक्षेच्या तयारीसाठी निरुपयोगी झाले. या विभागात एका पुस्तकाच्या पाच प्रती तीन वर्षं वापरण्यापेक्षा दोन प्रती दरवर्षी बदलणं बरं. आणि अभ्यास करणाऱ्या मुलांनाच निवडीत घ्या. कोणतं पुस्तक झेरॉक्स होऊन होऊन झिजलंय, ते त्यांना अचूक माहीत असतं.

बालविभागात नियम एकच: मुलांना हात लावू द्या. पातळ, सचित्र पुस्तकं फाटणारच. वर्षाला चौथा हिस्सा फाटला तर विभाग नीट चाललाय असं समजा आणि पुन्हा घ्या. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची पुस्तकं स्वस्त असतात. प्रथमच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी मोफत उतरवून छापताही येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याची वर्गणी भरायला कुठल्याही वाचनालयाला अडचण येऊ नये.

दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेऊन योजना चालवत असाल तर अंक निवडताना गेल्या वर्षीची चिठ्ठी बघा. दरवर्षी तेच साठ अंक सवयीने घेतले जातात आणि त्यातले वीसेक कुणी उघडतही नाही. डिजिटल साधनांबद्दल एवढंच: विश्वकोश, विकिस्रोत, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे सगळं मोफत आहे, एका संगणकावर त्यांची चिन्हं समोर ठेवा आणि विचारणाऱ्याला दाखवा.

देणगीची पोती

कुणी वारलं, कुणी फ्लॅट बदलला, की टेम्पो वाचनालयाच्या दारात येतो. देणाऱ्याची भावना खरी असते, म्हणून नाही म्हणणं अवघड जातं. धोरणात लिहा: देणगी स्वीकारली म्हणजे सगळी पुस्तकं दाखल होतीलच असं नाही, जी लागणार नाहीत ती वाचनालय पुढे देऊ शकेल. या अटीवर सही घ्या. आधी यादी मागवा किंवा घरी जाऊन निवडा, हे सगळ्यात उत्तम. स्वतंत्र कपाट आणि त्यावर नावाची पाटी, ही मागणी मान्य करू नका. त्याने संग्रह कायमचा तुटतो. पुस्तकाच्या आत देणाऱ्याच्या नावाचा शिक्का पुरेसा आहे.

मात्र पोतं परत पाठवण्याआधी तळापर्यंत उपसून बघा. जुन्या शिक्षकाच्या घरातून आलेल्या गठ्ठ्यात तालुक्याच्या सहकारी संस्थेची स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, गावातल्या नाटक मंडळीची हँडबिलं निघतात. ती दुसऱ्या कुणाकडेही नसतात.

याच कारणाने प्रत्येक वाचनालयाने स्थानिक संग्रहाचं एक कपाट करावं, ते लहान का असेना. गावातल्या आणि तालुक्यातल्या लेखकांची पुस्तकं, शाळांचे आणि देवस्थानांचे अंक, स्थानिक बोलीतलं लेखन, जिल्ह्याचं गॅझेटियर. प्रत्येकी दोन प्रती, त्यातली एक घरी न देण्याची. वर सांगितलेले भागाकार या कपाटाला लावायचे नाहीत. दहा वर्षांत एकदा कुणी संशोधक किंवा जमिनीच्या इतिहासाचा शोध घेणारा शेतकरी येईल आणि त्याला हवं ते फक्त इथेच मिळेल. बाजारात मिळणारी कादंबरी पुन्हा घेता येते, ही पुस्तकं येत नाहीत. म्हणून डांबरगोळ्या, कोरडी भिंत, कसर आणि वाळवीची पाहणी यांचा पहिला मान याच कपाटाचा.

काढून टाकणं

इथे सगळे अडखळतात. पुस्तक टाकणं आपल्याला पाप वाटतं. सरस्वतीचा अपमान, पाय लागला तरी नमस्कार करायची आपली सवय. शिवाय संख्या घटली तर वर्ग जाईल ही भीती. दोन्ही समजून घेण्यासारखं आहे, पण शेतात तण तसंच ठेवून पीक मोजत बसण्यात अर्थ नाही. दाटीवाटीच्या फळीवर चांगलं पुस्तक दिसत नाही. फळ्या पाऊण भरलेल्या असल्या की देवघेव वाढते, हा अनुभव कुठल्याही ग्रंथपालाला विचारा.

टेक्सास राज्य ग्रंथालयाने १९७६ मध्ये छोट्या वाचनालयांसाठी एक सोपी रीत काढली, ती आपल्यालाही लागू पडते. प्रत्येक विषयाला दोन आकडे ठरवायचे: पुस्तक किती वर्षांचं झालं की तपासायचं, आणि किती वर्षं न हललं की तपासायचं. आरोग्याला ५ आणि ३, इतिहासाला १५ आणि ५, कादंबरीला वयाची अट नाही, पण ३ वर्षं न हलल्यास तपासायचं, असं काहीसं. यापुढे डोळ्यांनी बघायचं: माहिती चुकीची झाली आहे का, पुस्तक दुरुस्तीपलीकडे फाटलं-मळलं आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, मुळातच टाकाऊ आहे का, आपल्या गावाला संबंध नसलेलं आहे का, दुसरीकडे सहज मिळतं का.

यातलं पहिलं कारण सर्वांत गंभीर. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या दंड संहितेची ‘सोप्या भाषेत कायदा’ पुस्तकं अजून फळीवर असतील तर वाचकाला आपण चुकीची कलमं शिकवतोय. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. ३५ जिल्हे सांगणारं सामान्यज्ञान काढा. प्लूटोला ग्रह म्हणणारं मुलांचं खगोलशास्त्र २००६ पासून चुकीचं आहे. जुनी औषधांची पुस्तकं तर तपासणीची वाट न बघता आजच उतरवा.

काढण्याची पद्धत मात्र अगदी कागदोपत्री असू द्या. आधी निवडलेली पुस्तकं वेगळ्या खोलीत सहा महिने ठेवा. त्या काळात कुणी मागितलं तर ते परत फळीवर जातं. उरलेल्यांची यादी: दाखल क्रमांक, नाव, किंमत, कारण. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून कमी करण्याचा, ठराव मंडळात मंजूर करा, नोंदवहीच्या शेऱ्यात ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहा, पुस्तकावर रद्दचा शिक्का मारा. अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांबाबत जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला आधी लेखी विचारा. आणि वर्गासाठी लागणाऱ्या किमान संख्येपेक्षा आपण किती वर आहोत हे बघून, जेवढी घालणार साधारण तेवढीच काढा. चांगल्या अवस्थेतली शाळेला, तुरुंगाच्या वाचनालयाला किंवा वार्षिक विक्रीला द्या. चुकीची माहिती असलेली कुणालाही देऊ नका, ती रद्दीतच जायला हवीत.

वर्षभराने त्याच महिन्यात पुन्हा दर विसावं पुस्तक घ्या, या वेळी सातव्या क्रमांकापासून सुरुवात करून, म्हणजे नमुना वेगळा येईल. दोन आठवड्यांची मागणीवही पुन्हा चालवा. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात ग्रंथसंख्येच्या खाली तीन ओळी वाढवा: शंभर मागण्यांपैकी किती पुऱ्या झाल्या, गेल्या वर्षी घेतलेल्या पुस्तकांपैकी किती एकदाही बाहेर गेली नाहीत, आणि किती नवे सभासद कोणत्या वस्तीतून आले. दुसऱ्या ओळीवर सभेत प्रश्न येतील. ग्रंथनिवड समितीच्या सदस्यांना त्या दिवशी व्यासपीठावर बसवा, उत्तरं त्यांना देऊ द्या.